पोलिसाने 'डिकी बघू का?' विचारलं, मी 'हो' म्हटलं. चुकलं का?

मिडवेस्टी | ८ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, प्रसंग कालचाच आहे. अनंत चतुर्दशीला कोलंबसला मित्राकडे विसर्जन होतं. काल दुपारी इंडियानापोलिसला परत निघालो. गाडीत मी, बायको, साताऱ्याहून आलेली आई आणि अकरावीतली लेक. डेटनच्या अलीकडे आय-७० वर मागे लाल-निळे दिवे दिसले. सत्तरच्या रस्त्यावर एकोणऐंशीने हाणत होतो, कबूल.

पोलीस तरुण होता, बोलायला सभ्य. लायसन्स आणि इन्शुरन्स बघितला, ताकीद दिली, तिकीट नाही. कागद परत दिले. मी काच वर करणार तेवढ्यात त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, डिकीत एक नजर टाकली तर चालेल ना? मी म्हटलं, "शुअर, गो अहेड."

आता डिकीत काय असणार? मखराचे तुकडे, समई, ताम्हण. आणि बायकोने नीट झिपलॉकच्या पिशव्यांत भरलेलं सामान: अर्धा किलो पांढरी रांगोळी, कापूर, बुक्का, भस्म, अष्टगंध. पिशव्यांवर नावं लिहिलेली होती. मराठीत.

दुसरी गाडी आली. सगळ्या पिशव्या बॉनेटवर ओळीने मांडल्या गेल्या. आई मागून विचारतेय, "काय रे, त्यांना प्रसाद हवाय का?" शेवटी बायकोने फोनवर रांगोळ्यांचे फोटो काढून दाखवले, तेव्हा पटलं. वीसेक मिनिटांत सुटलो.

खरी गंमत त्यानंतर. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणू शकला असता." मी म्हटलं, अगं, लपवण्यासारखं काही नव्हतं ना आपल्याकडे. ती म्हणाली, "मुद्दा तो नाहीये." शाळेत सध्या राज्यघटना शिकतेय, चौथी दुरुस्ती (पोलिसांच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण) वगैरे. मग रिचमंड येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही नाही म्हणाला असता का? आणि म्हटलं असतं तर काय झालं असतं? माझं मत अजून तरी हेच की स्वच्छ माणसाने उगाच आढेवेढे घेऊ नयेत.

झणझणीत | रात्री ९:५२

कापूर! पांढरे खडे, झिपलॉकमध्ये, हायवेवर!! हसून हसून पुरेवाट. तुमच्या सौ.ना दंडवत.

टेक्सन_तात्या | रात्री १०:०५

बरोबर केलंत. मी पंचवीस वर्षं ह्या देशात आहे. पाच-सहा वेळा थांबवलं असेल. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा चालू, "येस ऑफिसर, नो ऑफिसर". कधी त्रास नाही. मुलांना शाळेत हक्क शिकवतात, कर्तव्यं कोण शिकवणार? पोलीस बिचारा रात्रंदिवस रस्त्यावर उभा असतो, समोरच्या गाडीत बंदूक आहे की बुक्का, त्याला काय माहीत.

बे_एरिया_बंड्या | रात्री १०:३१

मिडवेस्टी, तुम्ही जे तीन शब्द उच्चारलेत ना, ते अमेरिकन कायद्यात अजरामर आहेत. थट्टा नाही. आमच्या सनीव्हेलमध्ये एका रात्री पोलिसाने एक गाडी थांबवली. एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा गेलेला. सहा जण आत. पोलिसाने विचारलं गाडी बघू का, एक जण म्हणाला, "शुअर, गो अहेड." मागच्या सीटखाली चोळामोळा केलेले तीन चेक निघाले, एका कार वॉशमधून चोरलेले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल १९७३ चा, श्नेक्लॉथ विरुद्ध बुस्तामाँते. कोर्ट म्हणालं, संमती आपखुशीने दिलेली हवी, पण 'तुम्ही नाही म्हणू शकता' हे पोलिसाने सांगायलाच हवं असं नाही.

न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. त्यांचा सवाल साधा होता: जो हक्क आपल्याला आहे हेच माणसाला ठाऊक नाही, तो त्याने सोडून दिला असं म्हणायचं तरी कसं?

आता त्याच सनीव्हेलमध्ये दर तिसऱ्या गाडीत रांगोळी असते म्हणा.

पेठी | रात्री १०:३८

आमच्याकडे डिकी उघडायला सांगत नाहीत. खिसा उघडायला सांगतात. प्रश्न मिटला.

क्लीव्हलँडकर | रात्री ११:१५

बंड्याच्या निकालापेक्षा जवळचा एक आहे. तुम्ही ज्या रस्त्यावर होतात त्याच रस्त्यावरचा! आय-७०, डेटनच्या जरा उत्तरेला. रॉबिनेट नावाचा माणूस ४५ च्या पट्ट्यात ६९ ने चालला होता. पोलिसाने ताकीद दिली, लायसन्स परत दिलं, आणि जाता जाता विचारलं: गाडीत काही बेकायदा माल नाही ना? मग बघू का? तो हो म्हणाला. थोडा गांजा आणि एक गोळी सापडली. अगदी तुमचीच पटकथा, फक्त रांगोळी नाही.

ओहायोच्या कोर्टाने म्हटलं होतं की 'आता तुम्ही जायला मोकळे आहात' हे आधी सांगायला हवं. १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं: सांगायची सक्ती नाही, सगळी परिस्थिती बघून ठरवा. मग ओहायोच्या कोर्टाने पुढच्याच वर्षी सगळी परिस्थिती बघितली आणि ठरवलं की ही संमती आपखुशीची नव्हतीच! सुटला.

ह्यात ग्यानबाची मेख कुठे आहे बघा. कागद हातात परत आले त्या क्षणी मिडवेस्टी मोकळे होते. पुढची वीस मिनिटं त्यांनी स्वतःहून दिली.

आणि आमच्या ओहायोने ह्या विषयाचा ठेकाच घेतलाय. मॅप विरुद्ध ओहायो, १९६१: क्लीव्हलँडमधल्या घरात पोलीस घुसले. वॉरंट दाखवा म्हटल्यावर कसलासा कागद फडकवला, बाईंनी तो हिसकावून ब्लाऊजमध्ये घातला. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या कोर्टातही चालणार नाही, हे तिथून आलं. टेरी विरुद्ध ओहायो, १९६८: वाजवी संशय असेल तर पोलीस वरवर चाचपू शकतो. तेही क्लीव्हलँड. आणि १९८४ चा बर्कमर विरुद्ध मॅकार्टी, ज्याच्यामुळे साध्या ट्रॅफिक स्टॉपला मिरांडाची ('गप्प राहण्याचा हक्क आहे' वगैरे) पोपटपंची करावी लागत नाही, तो फ्रँकलिन काउंटीचा, म्हणजे तुमच्या विसर्जनाच्या गावचा.

झणझणीत | रात्री ११:२०

थोडक्यात, ओहायोतून जाताना रांगोळी नेऊ नये.

खडूस_खारूताई | ९ सप्टेंबर, सकाळी ७:०२

लेकीला शाबासकी द्या आधी. आणि तात्या, 'कधी त्रास नाही' हा अनुभव झाला, नियम नव्हे. तुमच्याच टेक्सासात, लागो व्हिस्टामध्ये, एका आईला सीटबेल्ट न लावल्याबद्दल बेड्या घालून नेलं होतं. गाडीत दोन लहान मुलं रडतायत. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा पन्नास डॉलर दंड, तुरुंग नाहीच. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, अटक घटनेला धरूनच आहे. 'येस ऑफिसर' हे काही चिलखत नाही.

टेक्सन_तात्या | सकाळी ८:११

बेल्ट लावला असता तर? मूळ नियम पाळायचा नाही आणि मग सुप्रीम कोर्टात जायचं. चालू द्या.

साळसूद | सकाळी ८:४०

एक शंका. नाही म्हटलं तर त्याला संशय येणार नाही का? मग तो कुत्रा बोलावणार, तासभर उन्हात उभं करणार. त्यापेक्षा उघडा डिकी आणि घरी जा. हक्क वगैरे ठीक आहे, पण मागे आईचं वय बघायला हवं.

क्लीव्हलँडकर | सकाळी ९:२५

@साळसूद, शंका रास्त आहे. नुसतं नाही म्हणणं हे संशयाचं कारण धरता येत नाही, हे कोर्टांनी मान्य केलंय. कुत्र्याचं म्हणाल तर २०१५ चा रॉड्रिगेझचा निकाल आहे, नेब्रास्कातला. ताकीद लिहून झाल्यावर कुत्र्यासाठी सात-आठ मिनिटं थांबवलं होतं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिलं, ज्या कामासाठी थांबवलंत ते संपलं की थांबवणं संपलं. तिकीट लिहीत असतानाच शेजारून कुत्रा फिरवून नेला तर मात्र चालतं.

पण दोन गोष्टी उलट्याही सांगतो. गाडीला घराइतकं संरक्षण नाही. १९२५ पासून, म्हणजे दारूबंदीच्या काळापासून, पोलिसाकडे सबळ कारण असेल तर गाडी वॉरंटशिवाय तपासता येते. तेव्हा सीटच्या अस्तरामागे बाटल्या सापडल्या होत्या. दुसरं, 'खाली उतरा' म्हटलं तर उतरायचंच. तिथे नाही म्हणायचा हक्क नाही. मुलांना हा फरक आधी शिकवा: झडतीला नाही म्हणता येतं, हुकमाला नाही.

अनुस्वार | सकाळी १०:१०

'लपवण्यासारखं काही नाही' ह्यावर. डिकीत रांगोळीऐवजी मंडळाची वर्गणी असती तर? आमच्या गणेशोत्सवात तीन वर्षं मी खजिनदार होतो. विसर्जनाच्या रात्री सहा-सात हजार डॉलर रोख, लिफाफ्यांत, माझ्या गाडीत. सगळा पैसा स्वच्छ. पण ह्या देशात सिव्हिल फोर्फिचर नावाचा प्रकार आहे. खटला माणसावर नव्हे, पैशावर किंवा गाडीवर चालतो. माणसाला शिक्षा झालेली नसली तरी माल जप्त होऊ शकतो, आणि मग सोडवायला वकील तुम्ही लावायचा.

मिडवेस्टींच्या इंडियानातलंच टिम्ब्जचं प्रकरण बघा. त्याने थोडं हेरॉइन विकलं होतं, गुन्हा कबूलही केला. पण वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतलेली ४२,००० डॉलरची लँड रोव्हर राज्याने उचलली. त्या गुन्ह्याचा कमाल दंड १०,०००. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू आहे. तरी गाडी प्रत्यक्ष हातात यायला २०२० उजाडलं. तो तर गुन्हेगार होता, माझ्या लिफाफ्यांवर 'महाप्रसाद' लिहिलेलं होतं. तेही मराठीतच!

झणझणीत | सकाळी १०:१४

रांगोळी परत मिळाली का पण? ते कोणी विचारलंच नाही.

अ‍ॅड_करवीर | सकाळी ११:३०

कोल्हापूर कोर्टात फौजदारी काम करतो. इकडचं सांगतो, कारण तुम्हा मंडळींना वाटतं की हक्क म्हणजे अमेरिका आणि आपल्याकडे नुसती दांडगाई.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ५० बघा. अंगझडती घेण्यापूर्वी 'तुम्हाला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा हक्क आहे' हे पोलिसाने आरोपीला सांगावंच लागतं. १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे ठाम केलं. म्हणजे मार्शलसाहेब जे मागत होते ते ह्या एका कोपऱ्यात आपल्याकडे कायद्याने आहे! हे सांगितलंच नव्हतं, ह्या एका मुद्द्यावर माणसं सुटतात. अर्थात हे अंगझडतीपुरतं, बॅग किंवा डिकीला लागू नाही.

आता दुसरी बाजू. मॅपचा नियम आपल्याकडे नाही. १९७४ चं पूरणमल: झडती बेकायदा असली तरी मिळालेला पुरावा तेवढ्यावरून बाद होत नाही. त्याआधी १९५४ मध्येच एम. पी. शर्मा प्रकरणात कोर्ट म्हणालं होतं की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखं काही आपल्या घटनेत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण त्याची धग नाक्यावरच्या हवालदारापर्यंत अजून पोचलेली मला तरी दिसत नाही.

माझ्या अशिलांना मी तीस वर्षं सांगतोय, विचारल्याशिवाय बोलू नका. ऐकत कोणी नाही. साहेबांनी चहा पाजला की सगळं सांगून मोकळे.

एडिसनची_सून | दुपारी १२:०५

वकीलसाहेब, मस्त प्रतिसाद. न्यू जर्सीचंही ऐका. आमच्या राज्याच्या कोर्टाने १९७५ मध्येच म्हटलं की माणसाला 'नाही म्हणता येतं' हे माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. २००२ मध्ये पुढे जाऊन ठरवलं की थांबवलेल्या गाडीची झडती मागायलासुद्धा आधी वाजवी संशय हवा. देश एक, पण डेटनला जे चालतं ते एडिसनला चालत नाही. देसी दुकानांच्या ओक ट्री रोडवर पार्किंग मिळत नाही ती गोष्ट वेगळी.

पेठी | दुपारी १२:२०

म्हणजे सदाशिव आणि शनिवार पेठेत वेगळे कायदे. समजलं.

शिकागोची_शमा | दुपारी १:४८

सगळे निकाल छान आहेत, पण 'ठामपणे नाही म्हणा' हा सल्ला मला जरा जपून द्यावासा वाटतो. २०१५, टेक्सास, सँड्रा ब्लँड नावाची कृष्णवर्णीय तरुणी. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून थांबवलं. पोलीस म्हणाला सिगरेट विझव. ती म्हणाली, माझ्या गाडीत बसून का विझवू? तीन दिवसांनी ती कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. तिचा प्रश्न कायद्याला धरून होता की नाही ह्याचा काय उपयोग झाला?

आणि आपण सुरक्षित आहोत असंही नाही. त्याच वर्षी अलाबामात मॅडिसन गावी एक गुजराती आजोबा नातवाला सांभाळायला आले होते. सकाळी फिरत होते, कोणीतरी फोन केला, पोलीस आले. इंग्रजी येत नव्हतं. जमिनीवर असं आपटलं की मानेला कायमची इजा झाली. पोलिसावरचा खटला ज्युरीचं एकमत न झाल्याने दोनदा अडकला, शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. गावाने पुढे पावणेदोन दशलक्ष डॉलर दिले. मिडवेस्टींच्या आई मागच्या सीटवरून प्रसादाचं विचारत होत्या ते वाचून सगळे हसले. मला हसू नाही आलं.

खडूस_खारूताई | दुपारी २:००

शमा, +१. आणि कालचाच निकाल बघा. लॉस एंजेलिसमध्ये केवळ दिसणं, भाषा, कामाचं ठिकाण यांवरून इमिग्रेशनवाल्यांनी लोकांना थांबवू नये असा खालच्या कोर्टाचा आदेश होता. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला स्थगिती दिली. न्यायमूर्ती कॅव्हनॉ लिहितात की कायदेशीर राहणाऱ्यांचं थांबणं थोडक्यात आटोपतं. हो, फोटो दाखवले की वीस मिनिटांत!

टेक्सन_तात्या | दुपारी २:२२

आलं शेवटी राजकारण. बेकायदा घुसलेल्यांमुळे आपल्यासारख्या रांगेत उभं राहून आलेल्यांची बदनामी होते हे कोणी बोलायचंच नाही. मी ग्रीनकार्ड कायम खिशात ठेवायचो. कायदाच आहे तसा.

अनुस्वार | दुपारी २:३५

तात्या, कायदा आहे, मान्य. पण कार्ड खिशात आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं ना. थांबवणाऱ्याला आधी तुमचा रंगच दिसणार. आणि चौथ्या दुरुस्तीत शब्द 'लोक' असा आहे, 'नागरिक' नाही. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांनी चौदाव्या दुरुस्तीवरून (कायद्याचं समान संरक्षण) हेच मांडून खटला जिंकला होता. 'व्यक्ती' म्हणजे परदेशीसुद्धा.

व्यवस्थापक | दुपारी ४:१०

धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका. दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ प्रश्न डिकीचा होता.

मोगरा | संध्याकाळी ६:३०

मला वाटतं हा कायद्यापेक्षा भाषेचाही प्रश्न आहे. आपल्याला 'नाही' म्हणताच येत नाही. 'बघू', 'राहू द्या', 'कशाला उगाच', 'पुढच्या वेळी नक्की'. पाहुण्याने विचारलं चहा घेणार का, तरी 'नको' म्हटल्यावर दोनदा आग्रह होणार हे गृहीत. आता पोलिसाला 'कशाला उगाच तसदी' म्हटलं तर त्याने काय समजायचं? माझ्या मुलाला हायस्कूलमध्ये एक वाक्य शिकवलंय, "ऑफिसर, मी झडतीला संमती देत नाही." तेवढंच. कारण द्यायचं नाही. ते कारण न देणंच मला जमणार नाही. मी सांगायला लागणार, अहो घाई आहे, सासूबाईंची गोळीची वेळ झालीय...

बे_एरिया_बंड्या | संध्याकाळी ६:४१

गप्प बसण्याचंही तसंच. २०१३ च्या सालिनासच्या निकालात, अटक नसताना नुसतं गप्प बसलेला माणूस हरला. 'मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय' असं तोंडाने म्हणावं लागतं. गप्प बसण्यासाठी बोला!

पेठी | संध्याकाळी ६:५०

हे मात्र आमच्या पेठेत कोणालाच जमणार नाही. पहिला भागही नाही आणि दुसराही नाही.

वाचनमात्र | रात्री ८:१५

चौदा वर्षं इथे फक्त वाचतोय, हा पहिलाच प्रतिसाद. मागच्या वर्षी मला थांबवलं होतं, झडती मागितली. मी 'नाही, सर' म्हटलं. हात थरथरत होते. तो म्हणाला, "ओके, हॅव अ गुड नाइट." एवढंच घडलं. पुढच्या एक्झिटला गाडी लावून पंधरा मिनिटं नुसता बसलो होतो.

मिडवेस्टी | रात्री १०:५५

सगळ्यांना धन्यवाद. वाचनमात्र, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

लेकीला धागा दाखवला. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, तरी रॉबिनेटपर्यंत वाचलं आणि उठून माझ्याशी बोलायला आली, हे यश. मग जेवणाच्या टेबलावर तालीम झाली. ती पोलीस, मी ड्रायव्हर. पहिल्या वेळी मी 'शुअर' म्हणून बसलो. दुसऱ्या वेळी 'नाही' म्हटलं आणि पाठोपाठ पाच मिनिटं कारणं दिली, मोगरा म्हणतात तशी. तिसऱ्या वेळी जमलं, पण आई म्हणाली, फार उद्धट वाटलं.

माझं मत बदललं का? अर्धं. एकटा असतो तर पुढच्या वेळी नाही म्हणेन. आई गाडीत असताना म्हणेन की नाही, खरंच ठाऊक नाही. शमा, तुमचा प्रतिसाद वाचून आज झोप लागेलसं वाटत नाही. आई रोज सकाळी एकटी फिरायला जाते. तिच्या गळ्यात आता पत्ता आणि माझा नंबर इंग्रजीत लिहिलेलं कार्ड आहे. तिला ते आवडलेलं नाही. म्हणते, शाळेतल्या पोरासारखं काय.

टेक्सन_तात्या | रात्री ११:१०

कार्डाचं बरं केलंत. आमच्या वहिनी येतायत डिसेंबरात, मीही करतो.

झणझणीत | रात्री ११:१२

रांगोळीचं राहिलंच!!

मिडवेस्टी | रात्री ११:३०

परत दिली हो. पण त्या दुसऱ्या पोलिसाने झिप नीट लावली नव्हती. डिकीत अजून पांढरा थर आहे. दोनदा व्हॅक्यूम मारला, गालिच्यातून निघत नाहीये. आणि शनिवारी परत कोलंबसला जायचंय.